भुलवणीचं कबूतर

इंग्लंडात ऑगस्टमध्ये गहू-बार्लीची कापणी झाली, की शेतात उरतात धसकटं आणि त्यांच्यामध्ये सांडलेले दाणे. ते वेचायला वुड पिजन उतरतात. आपल्या गॅलरीत घाण करणाऱ्या कबुतरापेक्षा अंगाने मोठं, मानेवर पांढरा डाग असलेलं हे रानकबूतर. बंदूकवाला आधीच तिथं येऊन बसलेला असतो. स्वतः जाळीच्या आडोशाला लपतो आणि समोर प्लॅस्टिकची कबुतरं मांडतो, घोड्याच्या नालासारखी, मध्ये मोकळी जागा सोडून. तोंडं वाऱ्याकडे, कारण कबूतर वाऱ्याला सामोरं होऊन उतरतं. काहीजण बॅटरीवर गरगर फिरणारं यंत्रही लावतात आणि त्याच्या हातांना पंख पसरून मेलेली कबुतरं बांधतात. वरून जाणाऱ्या थव्याला वाटतं, खाली आपलीच मंडळी निवांत जेवतायत. ती मोकळ्या जागेत उतरायला लागतात आणि बार होतो.

परदेशीपुऱ्यातल्या आमच्या महिला मंडळात एकीने मोबाइलवर हे दाखवलं, तेव्हा सगळ्याजणी अरेरे म्हणाल्या. 'मांस खाणारे लोक, त्यांना कसली दया!' एवढं झालं आणि चहा आला. मला हे पुरेसं वाटत नाही. नुसतं अरेरे म्हणणं फार स्वस्त असतं.

त्यांचं म्हणणं आधी ऐकून तर घेऊ. तिथला शेतकरी म्हणतो, ही कबुतरं मोहरी, वाटाणा, कोबी फस्त करतात. करतात, खोटं नाही. सरकारही त्यासाठी परवाना देतं. २०१९ मध्ये 'वाइल्ड जस्टिस' या संस्थेने त्या परवान्यांना कायदेशीर आव्हान दिलं, एप्रिलमध्ये ते मागे घेतले गेले, आणि शेतकऱ्यांची ओरड झाल्यावर नव्या शब्दांत परत आले. पण माझा साधा, घर चालवणाऱ्या बाईचा प्रश्न आहे. पीक तर कोठारात गेलं. धसकटातला दाणा कुणी वेचणार नाही, तो नांगराखाली जाणार. मग त्या शेतात बसून नेमकं कोणतं पीक वाचवता? मर्टन नावाच्या शास्त्रज्ञाने केंब्रिजशरमधल्या कार्लटन गावी वर्षानुवर्षं या पक्ष्यांचा अभ्यास केला. त्यांची संख्या हिवाळ्यात मिळणाऱ्या चाऱ्यावर ठरते, हिवाळ्यातल्या बंदुकीने ती आटत नाही, असं त्याला दिसलं.

आणि दिवस तरी कोणते निवडलेत! ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे या कबुतरांच्या विणीचा भर. कबुतरांत आई आणि बाप दोघंही गळ्यातल्या पिशवीत दुधासारखं अन्न तयार करून पिल्लांना पाजतात. शेतात पडलेल्या कबुतरामागे घरट्यात तोंड उघडून बसलेलं कोण असेल, हे बायकांना समजावून सांगायला नको.

आपल्याकडे गृहस्थाच्या हिंसेचे चार प्रकार सांगितलेत: आरंभी, उद्योगी, विरोधी, संकल्पी. चूल पेटवली की आरंभी आली, नांगर धरला की उद्योगी आली, घरावर चालून आलेल्याला अडवलं तर विरोधी. ही तीन संसारी माणसाला पूर्ण टळत नाहीत, म्हणून यत्नाने कमी करायची. चौथी, ठरवून केलेली, ती सोडायचीच. उभ्या वाटाण्यावरून पक्षी हाकलणाऱ्या शेतकऱ्याशी मी वाद घालीन, पण दमाने. रविवारची मौज म्हणून धसकटात नाल मांडून बसणाऱ्याशी कसला वाद? तो संकल्पीच. त्यात आणखी माया मिसळलेली. क्रोध, मान, माया, लोभ यातली माया म्हणजे कपट, आणि इथं कपट कशावर चालतं? पक्ष्याच्या आपल्या जातभाईवरच्या विश्वासावर.

अमेरिकेत तर जिवंत कबुतराचे डोळे शिवून त्याला छोट्या बैठकीवर बांधत. ती खालीवर केली की ते पंख फडफडवी आणि पॅसेंजर पिजनचे थवे उतरत. त्यावरूनच इंग्रजीत खबऱ्याला 'स्टूल पिजन' म्हणायला लागले असं सांगतात. एके काळी आभाळ झाकणारी ती जात. तिच्यातलं शेवटचं कबूतर १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेलं.

आता आपल्या माळव्यात या. फाल्गुन-चैत्रात इथंही गहू निघतो, इथंही धसकटं आणि दाणे उरतात. बंदूक दिसत नाही, पण भुलवणी आहे. पिंजऱ्यातला तितर शेताच्या कडेला ठेवतात. तो ओरडला की दुसरा तितर त्याच्याशी भांडायला येतो आणि फासात अडकतो. मुनियांसाठी दोन पल्ल्यांचं जाळं अंथरून मध्ये पाळीव मुनिया ठेवतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने हे पक्षी पकडणं आणि विकणं गुन्हा आहे, तरी पिंजरे बाजारात येतात. आणि त्यांचं गिऱ्हाईक कोण? फक्त खाणारे आणि पाळणारे? नाही बायांनो, सोडवणारेही.

चैत्र शुद्ध त्रयोदशीला महावीर जयंती, म्हणजे नेमकी कापणीच्या सुमाराला. पर्युषणात, दशलक्षणात, कुणाच्या पुण्यतिथीला, 'जीव सोडवायचे' म्हणून पिंजरा विकत आणायचा, दार उघडायचं, फोटो काढायचा. मुनिया फडफडत समोरच्या विजेच्या तारेवर बसतात. जाळ्यात खरचटलेल्या, दाटीवाटीत तहानलेल्या, त्यातल्या किती संध्याकाळ बघतात? पकडणाऱ्याला मात्र हिशेब पक्का कळतो, की सणाला मागणी आहे. तो पुढच्या वर्षी जाळं मोठं करतो. कृत, कारित, अनुमोदित हे तिन्ही आपण सामायिकात रोज म्हणतो. पैसे देऊन पकडवून घेणं यातल्या कोणत्या खान्यात बसतं, ते ज्याने त्याने बघावं.

इथं कुणी म्हणेल, ते पकडणारे लोकच दुष्ट. तेही मला मान्य नाही. ज्यांना इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवलं आणि ज्यांचा तो शिक्का १९५२ मध्ये पुसला गेला, असे पारधी या धंद्यात राहिले. त्यांना ना जमीन मिळाली, ना शाळा. त्यांच्यावर तोंडसुख घेऊन आपला पिंजरा पवित्र होत नाही.

'भाव शुद्ध असला की झालं' हे उत्तर मला ठाऊक आहे. मग यशोधर राजाची कथा आठवा. त्याने खरा कोंबडा मारला नव्हता. आईच्या हट्टापायी पिठाचा कोंबडा करून बळी दिला, आणि त्या एका संकल्पापायी मायलेकांना मोर, कुत्रा अशा किती योनी फिराव्या लागल्या. ज्या धर्माने पिठाच्या कोंबड्याचाही हिशेब मांडला, तो हाडामांसाच्या मुनियांचा मांडणार नाही?

१९०० मध्ये पॅरिसच्या ऑलिंपिकच्या वेळी जिवंत कबुतरं सोडून त्यांच्यावर नेम धरायची स्पर्धा झाली होती. पुढे तो प्रकार बंद झाला. आज तिथं तबकड्या उडवतात आणि म्हणतात 'क्ले पिजन'. जे बंदूकवाल्यांना सोडता आलं, ते आपल्याला जमू नये?

दिल्लीच्या लाल मंदिरात समाजाने पक्ष्यांचं रुग्णालय चालवलंय. जखमी पक्षी आणा, औषधपाणी होतं, पक्षी विकत घ्यावा लागत नाही. पिंजऱ्याचा पैसा असल्या कामाला द्या. संक्रांतीच्या मांज्याने पंख कापलेली कबुतरं आपल्याच गल्लीत पडलेली असतात. आणि सणाला मंदिराच्या दारात पिंजरेवाला दिसला, तर भाव करू नका, वनविभागाला कळवा. अध्यक्षसाहेब रागावतील, की वर्षानुवर्षांची प्रथा मोडली. रागावू देत. त्यांच्या सौभाग्यवती माझ्याशी चार दिवस बोलल्या नाहीत, मग स्वतःच विचारायला आल्या, की रुग्णालयाला पैसे कसे पाठवायचे.