चेहरा कोणाचा, सही कोणाची?

जव्हार-मोखाड्याचे नाव काढले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहते: काटकुळे हातपाय, पुढे आलेले पोट आणि कॅमेऱ्याकडे टक लावून पाहणारे मूल. १९९२-९३ साली वावर-वांगणीच्या बालमृत्यूंची वार्ता प्रसिद्ध झाली आणि मुंबईहून एका दिवसात जाऊन येता येईल असा हा मुलूख महाराष्ट्राला एकाएकी दिसू लागला. ती वार्ता छापली गेली हे योग्यच झाले. परंतु त्यानंतर वर्षानुवर्षे जी छायाचित्रे निघत राहिली, त्यांखाली मुलाचे नाव असावे असे कितीजणांना वाटले? आम्हीही त्याला अपवाद नाही. मदतीचे आवाहन करणाऱ्या पत्रकांवर असली निनावी मुले आमच्याही समाजाने छापली आहेत. देणगी देणारा आपले नाव पावतीवर काळजीपूर्वक लिहून घेतो. चित्रातल्या मुलाला मात्र नाव नसते.

हे आज आठवण्याचे कारण म्हणजे गौरी गिल ह्यांचे काम. १९७० साली चंदीगडला जन्मलेल्या ह्या छायाचित्रकर्तीने वृत्तछायाचित्रणापासून सुरुवात केली आणि १९९९ पासून पश्चिम राजस्थानातील खेड्यांत त्या फिल्मची रिळे घेऊन पुन:पुन्हा जात राहिल्या. २००३ साली लूणकरणसरच्या बालिका मेळ्यात त्यांनी एका तंबूत साधा स्टुडिओ थाटला. मुली येत आणि आपल्याला हवे तसे उभे राहून छायाचित्र काढून घेत. राजस्थानातील ह्याच दीर्घ कामासाठी २०२३ साली त्यांना प्री पिक्ते हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मधल्या काळात सुनील गुप्ता आणि राधिका सिंग ह्यांच्यासह त्यांनी 'कॅमेरावर्क दिल्ली' हे छायाचित्रणाविषयीचे पत्र चालविले. कोणाचे काम लोकांपुढे यावे, ते कशाशेजारी मांडावे आणि त्याखाली काय लिहावे, हा हल्ली ज्याला क्युरेटर म्हणतात त्याचा विचार त्यांच्या कॅमेऱ्यामागे सतत जागा असतो.

२०१५ च्या सुमारास त्या जव्हारला आल्या त्या भूक टिपायला नव्हे, तर मुखवटे करणाऱ्यांकडे. होळीनंतरच्या दिवसांत ह्या भागात बोहाडा रंगतो. मशालींच्या उजेडात, संबळ आणि सनईच्या तालावर गणपती, शारदा, मारुती, रावण, महिषासुर अशी सोंगे रात्र-रात्र नाचतात. कागदाच्या लगद्याचे ते मुखवटे करणाऱ्यांत धर्मा कडू ह्यांचे घराणे नावाजलेले. त्यांचे पुत्र सुभाष आणि भगवान ह्यांना गिल ह्यांनी देवादिकांचे नव्हे, तर रोजच्या जगण्याचे मुखवटे करावयास सांगितले. माणसांचे, पशुपक्ष्यांचे, जिव्हाळ्याच्या वस्तूंचेही मुखवटे तयार झाले, आणि ते चढवून गावकरी घरात, शाळेत, दुकानात आपापल्या कामात उभे राहिले. 'अॅक्ट्स ऑफ अपिअरन्स' नावाची ही रंगीत चित्रमालिका २०१७ साली दोक्युमेंटा ह्या महाप्रदर्शनात आणि २०१८ साली न्यूयॉर्कच्या मोमा पीएस-वन ह्या दालनात मांडली गेली. (तिथल्या परिचयात 'जव्हार जिल्हा' असे छापले गेले. जव्हार हा तालुका; २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातला आणि त्यानंतर पालघरचा. मुखवटा टिपण्याइतकीच दक्षता पत्ता लिहितानाही घ्यावयास हवी होती.)

ह्यावर आमच्यातले काही सज्जन म्हणतात, "जिथे मुले अन्नावाचून दगावली तिथे मुखवट्यांचे खेळ कसले? ह्या रंगांखाली भूक झाकली जाते." हा आक्षेप आम्हांला मुळीच मान्य नाही. भुकेल्याने केवळ भुकेलेच दिसावे, हा आपला हट्ट आहे. मोखाड्याचा माणूस आजारी पडतो, तसाच तो हसतो, प्रेमात पडतो, नक्कल करतो, बोहाड्यात रावण होऊन गावाला भिववतो. मुखवटा चढवणारा निदान एवढे स्वत: ठरवतो की आपण जगाला काय दाखवायचे. पत्रकावरच्या मुलाला तेवढीही मुभा आपण दिली नव्हती.

तरीही गिल ह्यांना एक प्रश्न विचारल्यावाचून आम्ही राहणार नाही. २०१३ पासून शेजारच्या डहाणू तालुक्यातील गंजाड गावी त्यांनी वारली चित्रकार राजेश वांगड ह्यांच्यासह 'फील्ड्स ऑफ साइट' ही मालिका केली. गिल ह्यांच्या छायाचित्रांवर वांगड शाईने त्या भूमीच्या कथा रेखाटतात आणि कृती दोघांच्या नावे मांडली जाते. मग जव्हारच्या मालिकेत कडू बंधूंची नावे परिचयाच्या मजकुरातच का राहतात आणि कर्त्याच्या जागी एकच नाव का येते? ज्या वस्तूमुळे ते चित्र चित्र होते ती त्यांच्या हातची आहे. चित्रांना शीर्षके नाहीत, केवळ क्रमांक आहेत. मुखवट्याखालच्या माणसाला तिथेही नाव नाही. त्याने स्वत:च ते नको म्हटले असेल तर आमची तक्रार नाही. पण मग तसे चित्राखाली लिहावे.

गिल ह्यांना बोल लावणे सोपे आहे, कारण त्या दिल्लीच्या. आपले काय? त्याच गंजाडचे जिव्या सोमा मशे. १९७५ साली मुंबईच्या केमोल्ड दालनात त्यांची चित्रे लागली, १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९८९ साली पॅरिसला झाँ-युबेर मार्तँ ह्यांनी त्यांना जगातल्या अग्रगण्य कलावंतांच्या पंक्तीला बसविले. आणि पद्मश्री आली २०११ साली. २०१८ मध्ये ते गेले. दरम्यान आपण काय केले? हॉटेलांच्या भिंतींवर, लग्नाच्या पत्रिकांवर, साड्यांच्या काठांवर वारली चित्रे गिरवली, आणि सही कोणाची म्हणून विचारलेही नाही. बोहाड्याचे मुखवटे शहरी दिवाणखान्यात टांगले जातात, तेही बिननावाचेच.

आमचे मागणे थोडके आहे. जव्हारच्या चित्रांचे ठसे मोखाड्याच्या बाजारपेठेत, एखाद्या आश्रमशाळेच्या ओसरीवर, मराठी पाट्यांसह लावावेत. ज्यांची ती रूपे आहेत त्यांनी ती शेजाऱ्यांसह पाहावीत आणि हवी तर टीकाही करावी. मुखवटा वा वारली चित्र विकणाऱ्याने करणाऱ्याचे नाव मागच्या बाजूस लिहावे. आणि ह्या त्रैमासिकाच्या संपादकांस विनंती की, पाड्यावरील माणसाचे छायाचित्र त्याच्या संमतीविना आणि नावाविना छापू नये. नाव देणे त्या कुटुंबास नको असेल तर चित्रच नको, मजकूर पुरे. आमच्या मंडळाच्या येत्या मदतपत्रकाचा मसुदा तयार आहे. त्यावरील मुलाचे छायाचित्र आम्ही काढून टाकले आहे.