संसारांतील शास्त्र : एका घरांत दोन कर्ते

घरांत उपकरणें वाढलीं म्हणजे सोयहि त्याच मानानें वाढते असें नाहीं. कित्येकदां उलट घडतें. एका दिव्याचा उजेड पुरत नाहीं म्हणून दुसरा आणावा, दुसऱ्याच्या जोडीस तिसरा लावावा, आणि अखेर तिन्ही मिणमिणूं लागावे, असा प्रकार हल्लीं वाय-फायच्या बाबतींत घरोघर दिसूं लागला आहे. आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं आज एक राउटर दिवाणखान्यांत, दुसरा माडीवर व तिसरा मागल्या खोलींत असेल. तिन्हींच्या खुणा मोबाईलच्या पडद्यावर भरघोस उमटतात, ‘जोडलें आहे’ असा निर्वाळा मिळतो, आणि तरीहि निरोप जात नाहीं कीं चित्र येत नाहीं. ह्या दुखण्याचें निदान कसें करावें, हें एका घरच्या हकीगतीवरून सांगण्याचा विचार आहे.

आमचे एक स्नेही जळगांवीं राहतात. हयात शिक्षकीपेशांत गेली, म्हणून आम्ही सारे त्यांस मास्तर म्हणतों. घर दुमजली, काँक्रीटच्या स्लॅबचें. खालीं फायबरचा मुख्य राउटर. त्याचा पल्ला पुरेना म्हणून चिरंजिवांनीं पुण्यास नोकरीवर जाण्यापूर्वीं माडीवर एक व मागल्या खोलींत एक असे दोन जुने राउटर तारेनें जोडून दिले. माडीवर मास्तरांच्या मातोश्री असतात, वय ८४. त्यांचा धाकटा नातू अमेरिकेंत आहे. दर रविवारीं रात्रीं ९ वाजतां, म्हणजे त्याच्याकडे सकाळ असतां, तो आजींस मोबाईलवर दर्शन देतो. आजी त्या वेळेपूर्वींच लुगडें बदलून, चष्मा पुसून बसलेल्या असतात.

आम्ही गेलों तेव्हां ओळीनें तीन रविवार हा नेम चुकला होता. आजींनीं कोणाजवळ चकार शब्द काढला नाहीं. “आतां त्याचा संसार वाढला, वेळ कोठून मिळणार?” एवढेंच त्या म्हणाल्या. तिकडे नातवाची समजूत अशी कीं, घंटा वाजून वाजून थांबते, तेव्हां आजींस हल्लीं लवकर झोंप येत असावी. दोन्ही बाजूंस माया शाबूत, आणि मधल्या एका लहानशा पेटीपायीं गैरसमज रुजूं लागलेला. आम्हीं हा विषय हातीं घेतला तो ह्याच कारणानें.

मास्तरांनीं आपल्या परीनें खटपट केली होती. राउटरची व्यवस्था पाहण्याचें पान उघडण्यासाठीं ब्राउझरमध्यें १९२.१६८.१.१ हा पत्ता घातला, तर पान कधीं उघडे, कधीं उघडत नसे. उघडलें तरी बरोबर पासवर्ड ‘चूक’ म्हणून परत येई. दुकानदारानें सल्ला दिला कीं, “पल्ला कमी पडतो, आणखी एक पेटी घ्या.” मास्तर चौथी पेटी घेण्याच्या बेतांत होते.

गुंता उलगडला तो वहिनींच्या एका प्रश्नानें. त्यांचें माहेर धुळ्याचें. सन १८१९ मध्यें कॅप्टन ब्रिग्ज ह्यानें धुळें हें खानदेशाचें मुख्य ठाणें ठरविलें, आणि जुन्या धुळ्यांत गल्ल्यांस आजहि नांवांऐवजीं क्रमांक आहेत. गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पांच असें सांगितलें कीं टांगेवाल्यास पूर्वीं दुसरें कांहीं सांगावें लागत नसे. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, ह्या तिन्ही पेट्यांचा क्रमांक एकच तर नाहीं ना? आमच्या गल्लींत दोन घरांवर एकच आंकडा असता, तर पोस्टमननें पत्र कोठें टाकलें असतें?”

दोष नेमका हाच होता. महिन्यापूर्वीं वीज जाऊन आल्यावर माडीवरचा राउटर अडला, तेव्हां शेजारच्या एका उत्साही मुलानें त्याच्या पाठीमागचें बारीक छिद्र टांचणीनें दाबून धरलें. तसें केल्यानें राउटर कारखान्यांतून निघाला त्या वेळच्या स्थितीस जातो व चिरंजिवांनीं केलेली सारी व्यवस्था पुसली जाते. मुलानें वाय-फायचें नांव व पासवर्ड पूर्वींचेच घातले, म्हणून वरून कांहींच फरक दिसेना. परंतु आंतून त्या पेटीनें आपला मूळचा पत्ता पुन्हां धारण केला, आणि तो मुख्य राउटरच्या पत्त्याशीं जुळला. मास्तर एकीचा पासवर्ड घालीत व दार उघडी दुसरी!

येथें थोडें शास्त्र सांगणें अवश्य आहे. घरांतील प्रत्येक मोबाईल, संगणक वा छपाईयंत्र ह्यांस एक आंकडी पत्ता लागतो. त्यास आयपी पत्ता म्हणतात. १९२.१६८ ह्या आंकड्यांनीं आरंभ होणारे पत्ते १९९६ सालच्या नियमान्वयें खासगी वापरासाठीं राखलेले आहेत. म्हणून मास्तरांच्या घरीं व आमच्या घरीं तेच आंकडे असले तरी बिघडत नाहीं. चौथी गल्ली दोन गांवांत असूं शकते. परंतु एकाच घरांत एकच पत्ता दोघांस असतां कामा नये. हे पत्ते वांटून देण्याचें काम राउटर करतो, व त्या कामास डीएचसीपी असें नांव आहे. घरांत हें काम करणारा कर्ता एकच असावा. माडीवरचा राउटर पूर्वस्थितीस जातांच तोहि पत्ते वांटूं लागला. मग खालच्यानें एक आंकडा मास्तरांच्या मोबाईलला द्यावा आणि वरच्यानें तोच आजींच्या मोबाईलला द्यावा! एका घरांत दोन कर्ते झाले म्हणजे संसाराची जी गत होते, तीच येथें झाली.

मागल्या खोलींतील राउटरची तऱ्हा निराळी. त्याच्यापुरतें इंटरनेट चाले, पण तेथून दिवाणखान्यांतलें छपाईयंत्र दिसत नसे, आणि दिवाणखान्यांतून त्याच्या व्यवस्थेचें पान उघडत नसे. कारण मुख्य राउटरकडून आलेली तार ‘वॅन’ ह्या खांचेंत बसविली होती. ती खांच बाहेरच्या जगाकडे तोंड करून असते. तेथें तार दिली कीं ती पेटी आपलें वेगळें बिऱ्हाड थाटते, आणि बिऱ्हाडाचें दार आंतूनच उघडतें. तीच तार ‘लॅन’च्या खांचेंत दिली व पत्ते वांटण्याचें काम बंद केलें, तर ती पेटी निमूटपणें मुख्य घराची एक खोली होते. कित्येक राउटरांत ‘ॲक्सेस पॉइंट’ अशी स्थिति निवडतां येते. ती निवडली असतां हें सारें आपोआप घडतें. मात्र त्या स्थितींत पेटीचा स्वतःचा पत्ताहि बदलूं शकतो. तो मुख्य राउटरच्या पानावरील जोडलेल्या उपकरणांच्या यादींत शोधावा.

दुरुस्तीचा क्रम आम्हीं ठेवला तो असा. प्रथम मुख्य राउटरखेरीज सर्वांच्या तारा काढल्या. मुख्य राउटर एकटा नीट चालतो ही खातरी केली, व त्याचा पत्ता १९२.१६८.१.१ हाच ठेवला. पत्ते वांटावयाचे ते १०० पासून २०० पर्यंतच, अशी मर्यादा त्यास घातली. नंतर माडीवरची पेटी एकटीच संगणकास तारेनें जोडली. तिचा पत्ता १९२.१६८.१.२ असा केला, डीएचसीपी बंद केलें, आणि मगच तिला लॅनच्या खांचेंतून घराशीं जोडलें. मागल्या खोलींतील पेटीस त्याच रीतीनें १९२.१६८.१.३ दिला. प्रत्येक पेटी जोडल्यावर थांबून पाहिलें, मगच पुढची घेतली. सर्व एकदम जोडून पाहणारास दोष कोठें आहे हें कधींच कळत नाहीं.

ह्या कामीं तीन गोष्टींची सावधगिरी ठेवावी. मोबाईलवरून व्यवस्थेचें पान उघडावयाचें असेल तर मोबाईल डेटा बंद करावा. नाहींतर वाय-फायवर इंटरनेट नाहीं असें पाहून मोबाईल गुपचूप सिमकार्डाच्या वाटेनें जातो व घरांतला पत्ता त्यास सांपडत नाहीं. पाहुण्यांसाठीं वेगळें वाय-फाय ठेवलें असेल तर त्यावरून हें पान बहुधा उघडत नाहीं. पाहुण्यास ओसरी मोकळी, माजघर नव्हे, हा त्यांतला हेतु आहे. आणि मुख्य राउटरच्या छिद्रास टांचणी लावण्याचा मोह टाळावा. कारण त्यांत इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीची जोडणी असते, ती पुसली गेली तर त्यांचा माणूस येईपर्यंत सारें घर अंधारांत राहतें.

आतां कोणी विचारील कीं, पल्ला खरोखरच कमी पडत नसेल कशावरून? त्याची परीक्षा सोपी आहे. मोबाईल घेऊन त्या पेटीपासून चार हातांवर उभें राहावें. तेथेंहि चालत नसेल तर दोष बहुधा व्यवस्थेचा. जवळ चालतें व दूर गेल्यावर तुटतें, तर दोष भिंतींचा. दुसऱ्या प्रकारचें घरहि आम्हांस ह्याच प्रवासांत पाहावयास मिळालें. जळगांवाहून धुळें सुमारें ९० किलोमीटर. तेथें वहिनींच्या माहेरचा जुना वाडा आहे. धाब्याचें छत, आणि हातभर जाडीच्या मातीच्या भिंती. वैशाखांत आंत थंडावा राहतो तो ह्याच भिंतींमुळें, आणि वाय-फाय अडतें तेंहि ह्यांमुळेंच.

बिनतारी लहरी भिंत ओलांडतात हें आचार्य जगदीशचंद्र बोस ह्यांनीं १८९५ सालीं कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्यें भिंतीपलीकडची घंटा वाजवून दाखविलें होतें. परंतु प्रत्येक भिंत आपला कर घेतेच. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी ५ गिगाहर्ट्झच्या लहरींपेक्षां भिंतींतून बऱ्या जातात. पावसाळ्यांत ओल धरलेली जाड भिंत दोहोंसहि जड जाते. लोखंडी कपाट, मोठा आरसा व पाण्याची टांकी हींहि आडकाठी करतात. धुळ्याच्या मंडळींनीं लहर पुढें पाठविणारी एक पेटी आणून नेमकी अंधाऱ्या माजघरांत ठेवली होती. जेथें लहरच पोहोंचत नाहीं तेथें ती पुढें काय पाठविणार? माजघरापर्यंत एक तार नेऊन तेथें ॲक्सेस पॉइंट बसवितांच काम झालें.

शेजारधर्माचाहि येथें संबंध येतो. पूर्वीं १९३३ च्या कायद्यान्वयें बिनतारी यंत्र बाळगण्यास परवाना लागे. रेडिओच्या परवान्याचे पैसे पोस्टांत भरल्याचें वडीलधाऱ्यांस स्मरत असेल. वाय-फायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा सरकारनें २८ जानेवारी २००५ च्या अधिसूचनेनें परवान्यावांचून खुला केला. खुल्या रस्त्यावर गर्दी व्हावयाचीच. ह्या पट्ट्यांत एकमेकांवर न चढणारे मार्ग तीनच धरतात : १, ६ व ११. घरांतल्या तीन पेट्यांस हे तीन वांटून द्यावे. नांव व पासवर्ड मात्र तिन्हींचा एकच ठेवावा, म्हणजे मोबाईल माडीवर गेला कीं बहुधा आपण होऊन जवळची पेटी धरतो.

यंत्र दुरुस्त झालें; पण आम्हांस खरी चूक दुसरीच वाटली. ही सारी माहिती एकट्या चिरंजिवांच्या डोक्यांत होती, आणि ते पुण्यास गेले. हळदीकुंकवाच्या याद्या, दुधाचा हिशेब, विम्याचे क्रमांक आपण वहींत उतरून ठेवतों. मग ज्या पेटीवर घरचें बोलणेंचालणें अवलंबून आहे तिची नोंद कां नसावी? वहिनींनीं त्याच संध्याकाळीं एक वही केली. कोणती पेटी कोठें, तिचा पत्ता काय, तार कोणत्या खांचेंत, पासवर्ड कोणता व कंपनीचा फोन कोणता, एवढें एका पानांत मावलें. ती वही देवघराच्या फडताळांत आहे. हें काम पुरुषांचें किंवा तरुणांचें, असें समजून घरांतील बायकांनीं त्यापासून दूर राहूं नये. पोस्टमनचा प्रश्न ज्यांस सुचला, त्यांस हें सहज जमेल.

त्या रविवारीं रात्रीं आम्ही तेथेंच होतों. नऊ वाजले, घंटा वाजली, आणि नातवाचा चेहरा पडद्यावर स्पष्ट उमटला. आजींनीं प्रथम विचारलें तें एवढेंच, “अरे, वाळलास किती!” आणि मग खालीं बसलेल्या आम्हां सर्वांस त्यांचें हंसणें ऐकूं आलें.