मोजमाप उजनीच्या तोंडाशी व्हावे

पुणे-पिंपरीचे मैलापाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून उजनी जलाशयात उतरते. सोलापूर शहर याच धरणाचे पाणी पिते. जलाशय हिरवट पडतो, जलपर्णी फोफावते, कारण या मैलापाण्यातून नायट्रोजन आणि फॉस्फरस आयते मिळतात. शुद्धीकरण केंद्रांची क्षमता वाढते आहे, हे स्वागतार्हच. मात्र नाला केंद्रापर्यंत न पोचता थेट नदीला मिळत असेल, तर कागदावरच्या क्षमतेचा उपयोग काय? नदीच्या वरच्या धरणांतून जादा पाणी सोडले की घाण वाहून जाईल, असेही सुचवले जाते. नदीला प्रवाह हवाच. पण वाहून गेलेला फॉस्फरस उजनीच्या गाळात साचतो आणि तिथून पुन्हा पाण्यात मिसळतो. म्हणून दोन्ही महापालिकांच्या कामाची तपासणी दौंडच्या खाली, जलाशयाच्या तोंडाशीही व्हावी आणि शुद्धीकरण केंद्रांच्या ठेकेदारांची देयके तिथल्या मोजमापाच्या आकड्यांवर ठरावीत.