बसण्यात नव्हे, न उठण्यात धोका

परभणीच्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली तासन्‌तास खुर्चीत बसतात. शेतात खुरपणी करणारी आईही उकिडवी बसूनच राबते. मग फरक काय? उकिडवे बसताना पायांचे स्नायू काम करत राहतात. खुर्चीत ते सुस्तावतात. पोटरी आवळली, की रक्त हृदयाकडे ढकलले जाते. ती हललीच नाही, तर पाय जड होतात, रक्तातली साखरही कमी खर्च होते. लंडनच्या डबलडेकर बसमध्ये बसून असलेल्या चालकांपेक्षा जिने चढणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होतो, हे १९५३ मध्येच प्रसिद्ध झाले. अर्थात, खुरपणीने गुडघेही धरतात. म्हणजे दोष एकाच स्थितीत राहण्याचा. अभ्यासिकांनी दर अर्ध्या तासाला घंटा वाजवावी. मुलांनी दोन मिनिटे चालून यावे. नोकरी मिळेल तेव्हा ती करायला शरीरही धडधाकट हवे.