साडीचा गुन्हा

नांदेड-लातूरच्या जुन्या दप्तरांत फसली सन अजून भेटतो. निजामाच्या राज्यांत 1329 फसलींत, म्हणजे इ. स. 1919 सालीं, तृतीयपंथी लोकांविषयीं एक कायदा झाला. त्यांचीं नांवें पटावर चढवावीं, आणि पटावरील माणूस बायकी वस्त्रांत रस्त्यावर दिसला किंवा नाचला-गायला, तर वॉरंटावांचून धरावा. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद! चोरी नाहीं, मारामारी नाहीं. गुन्हा काय, तर साडी! आम्ही शाळामास्तर, पट आमच्याही हातीं असतो. पण तो मूल शाळेंत यावें म्हणून असतो.

जातीच्या जाती जन्मानें गुन्हेगार ठरविणाऱ्या इंग्रजांच्या 1871 च्या कायद्यांतही तृतीयपंथीयांस असेंच गोंविलें होतें. गुन्हेगार जमातींचा कायदा 1952 सालीं उठला. निजामाचा कायदा मात्र तेलंगणांत राहिला. तेथील हायकोर्टानें तो 2023 सालीं घटनाबाह्य ठरविला.

कायदा गेला, पण तुरुंगांत दोनच दारें राहिलीं: एक पुरुषांचें, एक बायकांचें. बायकी देहाचा व चालीचा माणूस पुरुषांच्या बराकींत कोंडला, तर रात्रीं त्याचें काय होत असेल, हें वाचकांनींच मनाशीं ताडावें. एचआयव्हीचें औषध रोज घ्यावें लागतें. त्यांत खंड पडला तर रोग बळावतो व औषधही निकामी होऊं शकतें. हॉर्मोनचें औषध चालू असेल, तर तें एकाएकीं तोडल्यानें देह व मन दोन्ही ढासळतात. आणि दवाखान्याच्या दारांत टवाळी होणार असेल, तर दुखणें सांगणार कोण?

दिल्ली सरकारच्या गृहखात्यानें जानेवारी 2022 मध्यें राज्यांस कळविलें आहे, कीं अशा कैद्यांस स्वतंत्र जागा द्यावी, पण एकांतवासांत टाकूं नये; झडती अब्रू राखून घ्यावी; औषधोपचारांत भेदभाव नसावा. जुलै 2024 मध्यें त्यांच्या भेटीगांठींच्या हक्काविषयींही लिहिलें. कागद चांगला आहे. पण कागदानें ताप उतरत नाहीं.

म्हणून आमचें मागणें थोडकें आहे. तुरुंगाच्या अभ्यागत मंडळांत बिनसरकारी सभासदही असतात. नांदेड व लातूर येथील सभासदांनीं आंत जाऊन तीन गोष्टी विचाराव्या: निजतां कोठें? औषध मिळतें काय? झडती कोण घेतो? उत्तरें लिहून जिल्हा न्यायाधीशांपुढें ठेवावीं.

कोर्टानें कैद सांगितली असेल, तर ती भोगावी. रोग आणि बेअब्रू कोणत्या कोर्टानें सांगितली?