डोकी कठीण नव्हती, रस्ते रिकामे होते

१/ “आम्ही विनाहेल्मेट सायकल चालवली, आमचे काय वाईट झाले?” परभणीत मुलांच्या सायकलीचा विषय निघाला की एखादे काका हे वाक्य टाकतातच. इतिहासाच्या कसोटीवर ते टिकते का, हे या धाग्यात पाहू.

२/ आधी आठवण. तासाच्या भाड्याने आणलेली काळी, उंच सायकल. सीटवरून पाय पोहोचत नसत, म्हणून दांडीखालून पाय घालून ‘कैची’. मग दांडीवर, मग सीटवर, शेवटी डबलसीट. गुडघे फुटले, त्यांवर हळद दाबली. हे सारे खरे आहे आणि हवेहवेसेही.

३/ पण त्या पिढीने हेल्मेट नाकारले नव्हते. सायकलस्वारांसाठी खास बनवलेले कडक कवचाचे हेल्मेट अमेरिकेच्या बाजारात आले तेच १९७५ मध्ये. जे पाथरी-जिंतूरच्या दुकानांत दिसलेच नाही, ते न घालण्यात मर्दुमकी कसली?

४/ हेल्मेटच्या शास्त्रीय अभ्यासामागेही दोन सायकलस्वार मुले आहेत. मे १९३५, इंग्लंड. टी. ई. लॉरेन्स, म्हणजे ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’, मोटारसायकलवरून जाताना त्या मुलांना चुकवायला गेले, फेकले गेले आणि सहा दिवसांनी वारले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत मेंदूचे शल्यविशारद ह्यू केर्न्स होते. लष्करी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमा अभ्यासून हेल्मेटचे महत्त्व त्यांनी १९४१ मध्ये मांडले.

५/ “आमचे काय झाले?” हा प्रश्न जे सुखरूप उरले, तेच विचारतात. ज्याच्या डोक्याला जबर मार बसला, तो शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आठवणी लिहायला नसतो. वाचलेल्यांच्याच साक्षीवरून धोका मोजता येत नाही.

६/ शिवाय रस्ता तो राहिलेला नाही. तेव्हा बैलगाडी, एस.टी., अधूनमधून ट्रक. आज पाथरी, मानवत, परभणी यांमधून कल्याण-निर्मल राष्ट्रीय महामार्ग ६१ जातो. सिमेंट रस्त्याची कड उंच, खाली काळी माती. पावसात तिथे चाक रुतते, म्हणून पोर वाहनांच्या सोबतीनेच चालवते. गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्या येतात. अनेकींना मागे दिवाही नसतो.

७/ अशा रस्त्यांवर सायकल घेऊन जायला शासनच मुलींना मदत करते. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अर्थसाहाय्य मिळते. घर शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत हवे. योजना उत्तमच. पण सायकल दिली, डोक्याचे काय?

८/ कायदाही इथे गप्प आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ मोटारसायकलवरील चार वर्षांवरच्या व्यक्तीला हेल्मेट घालायला सांगते. २०२२ च्या नियमांनी त्याहून लहान मुलांचाही विचार केला. म्हणजे वडिलांच्या मागे बसलेल्या मुलीला हेल्मेट हवे आणि तीच मुलगी त्याच रस्त्यावर सायकलने एकटी निघाली, तर नको!

९/ “नेदरलँड्समध्ये कुठे घालतात?” हा प्रश्न येणारच. १९७१ मध्ये तिथे रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे दगावली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. पालक रस्त्यावर उतरले, ‘बालहत्या थांबवा’ ही चळवळ उभी राहिली. पुढे वेगळे सायकलमार्ग झाले, वस्त्यांतला गाड्यांचा वेग उतरला. तिथली मुले आज उघड्या डोक्याने निर्धास्त फिरतात ती त्या लढ्याच्या जिवावर. आपण लढा टाळून फक्त उघडे डोके उचलतो.

१०/ हेल्मेटची मर्यादाही सांगितली पाहिजे. आतला फेसाचा थर चेपतो आणि आघात सोसतो. सायकलवरून पडताना तो जीव वाचवू शकतो, ट्रॉलीच्या चाकाखाली नाही. म्हणून मागण्या दोन: प्रत्येक सायकलीसोबत हेल्मेट आणि शाळेपर्यंत मुरूम दाबलेली वेगळी पट्टी. पुढच्या ग्रामसभेत दोन्ही मांडा. सायकलवाटपाचा फोटो निघेल, तेव्हा हेल्मेट कुठे आहे, हे विचारा.

११/ आपल्या बालपणाला मोकळा रस्ता मिळाला होता. तो आपण पुढच्या पिढीसाठी राखला नाही. तो परत करता येईपर्यंत तिच्या डोक्यावर हेल्मेट ठेवणे, याला लाड म्हणू नका. ते आपल्यावरचे देणे आहे.