नकाराच्या नाना तऱ्हा

गेल्या महिन्यांतील गोष्ट. दुपारचें जेवण उरकून आम्ही नुकतेच आडवे झालों होतों, तोंच उशाशीं ठेवलेला मोबाइल खणखणूं लागला. पलीकडून एक मुलगी कर्ज हवें आहे काय, म्हणून विचारीत होती. आम्हीं तिला पुरतें वाक्यही बोलूं दिलें नाहीं. "वेळकाळ कांहीं कळतो कीं नाहीं? दुसरा उद्योग नाहीं काय तुम्हांला?" असें सुनावून आम्हीं फोन बंद केला. सारा जन्म मुलांना सुनावण्यांत गेलेला असल्यामुळें आपण कांहीं वावगें बोललों, असें मनास शिवलेंही नाहीं. परंतु त्याच क्षणीं माजघरांतून आमच्या पुतणसुनेचा आवाज कानीं आला. ती कोणाला तरी म्हणत होती, "माफ करा काका, आपली विश्रांतीची वेळ आहे हें माझ्या लक्षांत आलें नाहीं." आम्हीं कूस बदलली, पण झोप मात्र आली नाहीं.

हकीकत अशी आहे. आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव ज्या कारखान्यांत होते तो दोन वर्षांपूर्वीं बंद पडला. दुसरी नोकरी मिळाली ती निम्म्या पगाराची. सूनबाई वाणिज्य शाखेची पदवीधर. भोसरीच्या बाजूस विजेवर चालणारे वजनकाटे बनविणारा एक लहानसा कारखाना आहे. तेथील काटे देशभरच्या दुकानदारांना व गिरणीवाल्यांना फोनवरून विकण्याचें काम तिनें पत्करलें. संगणक घरींच. दिवसाकाठीं साठ-सत्तर फोन करावयाचे. पगार बेताचा, आणि मागणी येईल त्या मानानें वर कमिशन. दोन्ही मुलांच्या शाळेची फी त्या कमिशनांतून जाते. बंधूंना हें मुळींच रुचलें नव्हतें. "ओळख ना देख, परक्यांपुढें आर्जवें करीत बसावयाचें, हें घरंदाज सुनेला शोभत नाहीं," असें ते म्हणाले आणि आठ दिवस घरांत अबोला होता. आम्ही वडील असूनही तटस्थ राहिलों, हें वाचकांपुढें कबूल करतों.

त्या दुपारनंतर मात्र आम्ही एक वही घेऊन पंधरा दिवस सूनबाईजवळ बसलों. प्रथम कायद्याची बाजू समजून घेतली. नको असलेल्या विक्रीच्या फोनांना आळा घालण्यासाठीं आपल्या दूरसंचार नियामक प्राधिकरणानें २००७ सालीं नियम केले, आणि २०१० व २०१८ सालीं ते नव्यानें बांधले. १९०९ ह्या क्रमांकावर आपली नापसंती नोंदवितां येते. रीतसर नोंदणी केलेल्या विक्रेत्याचा फोन १४० ह्या आंकड्यांनीं सुरू होणाऱ्या क्रमांकावरून येतो. म्हणजे सूनबाईचा फोन दारांत पाऊल टाकण्यापूर्वींच आपली जात सांगतो, आणि पुष्कळजण तो आंकडा पाहूनच उचलीत नाहींत. परदेशांत निर्बंध आणखी निराळे आहेत. इंग्लंडांत कंपन्यांनाही असले फोन नकोत म्हणून आपला क्रमांक नोंदविण्याची सोय २००४ सालापासून आहे. जर्मनींत सामान्य गिऱ्हाइकास त्याच्या स्पष्ट संमतीवांचून विक्रीचा फोन करणें बेकायदेशीर आहे. व्यापाऱ्याच्या बाबतींतही त्याची संमति गृहीत धरण्यास कांहीं तरी आधार असावा लागतो.

आतां जे फोन उचलतात त्यांच्या तऱ्हा पाहा. आमच्या पुण्याचा नकार सर्वांत आंखूड. "नको आहे" ह्या दोन शब्दांनंतरचा पूर्णविराम कानांना स्पष्ट ऐकूं येतो. दुपारीं १ ते ४ दुकान बंद ठेवण्याची येथील कित्येक दुकानदारांची रीत तर सर्वश्रुतच आहे. त्या वेळांत कोणी फोन केल्यास उपदेशही फुकट मिळतो. पिंपरी-भोसरीकडील पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुटी रविवारीं नसून गुरुवारीं असते; विजेचा भार निरनिराळ्या दिवशीं विभागला जावा म्हणून ही प्रथा पडली. सूनबाईनें पहिल्या महिन्यांतले गुरुवार ह्या अज्ञानांत वायां घालविले.

मुंबईचा व्यापारी नकार देतो तोही धांवतां धांवतां. "जल्दी बोलो" म्हणतो, भाव ऐकतो, "व्हॉट्सॲपवर टाका" म्हणतो आणि दुसऱ्या फोनाकडे वळतो. त्यांत राग नसतो, लोभही नसतो. वाशीच्या घाऊक बाजाराचा दिवस पहांटेपूर्वींच सुरू होतो. तेथें सकाळीं दहा वाजतां फोन करणें म्हणजे पंगत उठल्यावर पान मांडण्यासारखें आहे. लासलगांवास कांद्याचा लिलाव चालला असतां फोन लागला, तर पलीकडून लिलावाचा पुकाराच ऐकूं येतो. "लिलाव चालू आहे" हा नकार नव्हे, ती नुसती वर्दी होय, हें शिकावयास सूनबाईला कांहीं दिवस लागले. कोंकणांत एप्रिल-मे महिन्यांत आंब्याखेरीज कशालाही कोणास सवड नसते. आणि कोल्हापूरच्या गूळबाजारांतून उत्तर येतें, "बोला की ताई!" पुढें "एकदां या की इकडं, बघून घेऊं" असें आमंत्रणही मिळतें. घ्यावयाचें असो वा नसो, आमंत्रण ठरलेलें.

गुजराथेंत पहिला प्रश्न "शुं भाव?" भाव सांगितला कीं दुसरा प्रश्न, "सावरकुंडलाहून महाग कां?" अमरेली जिल्ह्यांतील सावरकुंडला हें गांव वजनकाट्यांच्या धंद्यासाठीं प्रसिद्ध आहे, आणि तिकडील व्यापाऱ्यास पुण्याचा कांटा विकणें म्हणजे काशीकराला गंगाजल विकणें होय. तरीही तो व्यापारी फोन आपटीत नाहीं. सौद्यांत उतरणाऱ्यास तो बरोबरीचा मानतो. घासाघीस करणें हा त्याच्या दृष्टीनें मानच आहे. दिवाळीनंतर लाभपंचमीपर्यंत मात्र तेथील पुष्कळ पेढ्यांवर कोणी फोन उचलीत नाहीं, आणि त्या मुहूर्तानंतर उचलतो तो प्रसन्न असतो. लुधियानाचा होजिअरीवाला "हां जी, दस्सो जी" अशी मोकळी सुरुवात करतो आणि तितक्याच मोकळेपणानें "ना जी" म्हणतो.

कलकत्त्याचे गृहस्थ प्रथम बाई कोठून बोलतात हें विचारतात, पुण्याची हवा कशी आहे हें विचारतात, आणि मग सांगतात कीं हें सर्व पूजेनंतर पाहूं. ही पूजा दोन महिन्यांवर असली तरी हरकत नसते! तिकडे एप्रिलच्या मध्यास वैशाखारंभीं नव्या चोपड्या उघडण्याचा 'हालखाता' असतो. तेव्हां नव्या खरेदीची गोष्ट काढली तर कानावर पडते. तामिळनाडूंत भाषेचा प्रश्न आधीं. सूनबाईनें कोइमतुरास प्रथम हिंदींत बोलून पाहिलें. पलीकडे नुसतें मौन. मग तिनें "वणक्कम" म्हणून इंग्रजींत सुरुवात करण्याचा परिपाठ ठेवला. उत्तर थोडक्यांत आणि एकसारखें येतें: लिहून पाठवा. परंतु पाठविलेलें पत्र तेथें वाचलें जातें, असा तिचा अनुभव आहे. मध्य-जुलै ते मध्य-ऑगस्ट हा त्यांचा आडि महिना. कित्येक कुटुंबांत नवें कार्य त्या काळांत हातीं घेत नाहींत.

एवढें टिपून झाल्यावर आम्हांस असें वाटूं लागलें कीं, आतां प्रत्येक प्रांताच्या स्वभावाचें एक कोष्टकच तयार करावें. सूनबाईनें तें वेळींच थांबविलें. ती म्हणाली, "अण्णा, कलकत्त्याच्या बडा बाजारांत फोन लावला तर बहुधा राजस्थानी शेटजी बोलतात. चेन्नईच्या सौकारपेठेंत गुजराती-मारवाडी पेढ्या पुष्कळ आहेत. आपल्या मार्केट यार्डांतले सगळे आडते कोठें मराठी आहेत? मग कोणता स्वभाव कोणत्या प्रांताचा?" आम्ही निरुत्तर झालों. तिच्या मतें भेद पडतो तो तीन गोष्टींनीं. फोन मालक उचलतो कीं नोकर, ही पहिली. दुकानांत मालक स्वतः असतो, म्हणून रागही येतो आणि निर्णयही होतो. मोठ्या कचेरींत फोन उचलणाऱ्या मुलीला दोन्हींचा अधिकार नसतो. दुसरी गोष्ट वेळेची: हंगाम, सण, सुटी, लिलाव. तिसरी भाषेची, आपली भाषा ऐकली कीं माणूस नकारही अंमळ हलक्या हातानें देतो. प्रांत प्रांत म्हणून आपण ज्याला नांव ठेवतों, तो बहुतेक ह्या तिहींचाच गुणाकार असतो.

मग आम्हीं विचारलें, "ह्या सर्वांत तुला जड कोणतें जातें? पुण्याचें तोडून बोलणें?" ती हंसली आणि म्हणाली, "नाहीं अण्णा. पुणें दहा सेकंदांत मोकळें करतें. जड जातो तो गोड माणूस."

तें वाक्य आम्हांस त्याच महिन्याच्या अखेरीस कळलें. एका दूरच्या शहरांतील एक व्यापारी तिच्याशीं फार अगत्यानें बोलत असे. बारा कांटे घ्यावयाचे आहेत, सोमवारीं फोन करा. सोमवारीं म्हणाला, भाऊ गांवाला गेला आहे, गुरुवारीं करा. असे नऊ फोन झाले. त्या बारा काट्यांच्या भरंवशावर तिनें तेवढा वेळ दुसऱ्या चार ठिकाणीं दिला नाहीं. तीस तारखेस त्यानें तितक्याच गोडीनें सांगितलें कीं, कांटे दिवाळीपूर्वींच घेऊन झाले आहेत. तुम्हांला वाईट वाटेल म्हणून बोललों नाहीं! महिन्याचा ठरलेला आंकडा पुरा झाला नाहीं, कमिशन गेलें, आणि धाकट्याच्या फीची मुदत उलटली. त्या रात्रीं ती पानावरून लवकर उठली. कोणी कांहीं विचारलें नाहीं. परंतु बंधूंनीं पाहिलें होतें.

जेवणें झाल्यावर ओसरीवर बंधूच बोलूं लागले. "दादा, आपले वडील वार लावून जेवत, ती गोष्ट तुम्हांला आठवते?" आठवत होती. १९४० च्या सुमारास वडील पुण्यांत शिकावयास आले, तेव्हां सात वारांसाठीं सात घरें शोधीत हिंडले. ज्या घरांनीं 'आमच्याकडे वार मोकळा नाहीं' म्हणून सांगितलें, तेथून ते पुढच्या दारीं गेले. एका घरच्या मालकिणीनें मात्र मोठ्या मायेनें 'पुढच्या बुधवारीं ये हं बाळ' म्हणून सांगितलें, आणि असें तीनदां सांगितलें. तो बुधवार वडिलांनीं दुसऱ्या कोणाकडे मागितला नाहीं, आणि तीन बुधवार उपाशी काढले. "मला सुनेचें आर्जव दिसलें," बंधू म्हणाले, "वडिलांचें आर्जव मात्र मी विसरलों होतों." दुसऱ्या दिवशीं तिचें टेबल माजघराच्या अंधाऱ्या कोंपऱ्यांतून उचलून त्यांनीं स्वतः पुढच्या खोलींत खिडकीशीं नेऊन ठेवलें. फीचे पैसे कोणीं भरले तें त्यांनीं सांगितलें नाहीं, आणि आम्हींही विचारलें नाहीं.

सत्य बोलावें आणि प्रिय बोलावें, असें आपण मुलांना लहानपणापासून पढवितों. दोन्ही एकदम साधत नसतील तेव्हां काय करावें, हा प्रश्न विक्रीचा फोन आला कीं आपल्या पुढ्यांत येऊन उभा राहतो. आमच्या मतें अशा वेळीं सत्य आधीं आणि ताबडतोब सांगावें. प्रिय तें स्वरांत ठेवावें. 'उद्यां', 'बघूं', 'नंतर करा' हे शब्द आपणांस फुकट पडतात. पलीकडे ते कोणाच्या तरी पगारांतून वजा होतात. घरांतील मुलांनाही एवढें एक वाक्य शिकवावें: "आम्हांस नको आहे, आपला वेळ घेत नाहीं, नमस्कार." ह्यास पुरती पांच सेकंदें लागत नाहींत. बँकेचा तपशील किंवा मोबाइलवर आलेला ओटीपी विचारणारा मात्र ह्या सौजन्यास पात्र नाहीं. तेथें बिनबोलतां फोन ठेवावा. फसविणारा निराळा आणि पोट भरणारा निराळा, एवढा विवेक ठेवला म्हणजे झालें.

परवां दुपारीं पुन्हां फोन आला. आवाज निराळा होता, वेळ मात्र तीच. आम्हीं उठून बसलों आणि तें वाक्य म्हटलें. क्षणभर पलीकडे शांतता पसरली. बहुधा तिची पुढच्या शब्दांची तयारी वायां गेली असावी. मग ती म्हणाली, "बरं आजोबा, झोपा तुम्ही."

त्या दिवशीं झोप चांगली लागली.